टोकियो आणि नाहा : एकाच सैन्याचे दोन ताबे

परकं सैन्य एखाद्या देशात लोकशाही रुजवू शकतं का, हा वाद निघाला की जपानचं नाव येतंच. २००३ मध्ये इराकवर चाल करून जाताना अमेरिकी सरकारनेही हाच दाखला पुढे केला होता. दाखला खोटा नाही, पण अर्धाच सांगितला जातो. १९४५ मध्ये जपान शरण आल्यावर ज्या अमेरिकी सैन्याने टोकियोत बसून नवी राज्यघटना लिहिली, त्याच सैन्याने त्याच काळात जपानच्या दक्षिण टोकाच्या ओकिनावा बेटांवरही अंमल चालवला. मुख्य जपानवरचा ताबा २८ एप्रिल १९५२ ला उठला, ओकिनावावरचा १५ मे १९७२ ला. सैन्य तेच, शत्रू तोच, पद्धत मात्र वेगळी आणि निकालही वेगळा. ओकिनावाचं मुख्य शहर नाहा. ते शेजारी ठेवल्याशिवाय टोकियोत नेमकं काय जमलं आणि का जमलं, याचा उलगडा होत नाही.

१९३१ ची तीन विधेयकं

जपानने शरण यावं म्हणून दोस्त राष्ट्रांनी २६ जुलै १९४५ ला काढलेल्या पॉट्सडॅम घोषणेतलं दहावं कलम नीट वाचण्यासारखं आहे. जपानी जनतेतल्या लोकशाही प्रवृत्तींच्या 'पुनरुज्जीवनातले आणि बळकटीकरणातले' अडथळे जपान सरकारने दूर करावेत, असं त्यात म्हटलं आहे. पुनरुज्जीवन म्हणजे काहीतरी आधी होतं, हे घोषणा लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं.

काय होतं? १८८९ ची मेइजी राज्यघटना, १८९० पासून निवडणुका, १९१८ पासून पक्षांची मंत्रिमंडळं, १९२५ मध्ये पंचवीस वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांना मत. त्याच वर्षी विचारांवर पहारा ठेवणारा शांतता संरक्षण कायदाही आला. तोही विसरायचा नाही. पण सगळ्यात बोलका पुरावा १९३१ च्या संसदेत सापडतो. त्या वर्षी कनिष्ठ सभागृहाने तीन विधेयकं मंजूर केली: कामगार संघटनांचं, कुळांचं, आणि स्त्रियांना स्थानिक निवडणुकांत मर्यादित हक्क देणारं. तिन्ही सरदार-उमरावांच्या वरिष्ठ सभागृहात अडली. पुढच्याच वर्षी १५ मे रोजी नौदलाच्या तरुण अधिकाऱ्यांनी पंतप्रधान इनुकाई यांची हत्या केली आणि पक्षांचं राज्य संपलं.

आता ताब्यातली पहिली मोठी पावलं पाहा. स्त्रियांना मत देणारी निवडणूक कायद्याची दुरुस्ती डिसेंबर १९४५ ची, कामगार संघटना कायदा डिसेंबर १९४५ चा, जमीन कायदा डिसेंबर १९४५ आणि ऑक्टोबर १९४६ चा. म्हणजे तीच तीन कामं, चौदा वर्षांनी. ताब्याचा प्रमुख जनरल मॅकआर्थरने पाच सुधारणांची यादी पंतप्रधान शिदेहारांच्या हातात ठेवली ती ११ ऑक्टोबरला. स्त्रियांना मत द्यायचा निर्णय त्यांच्या मंत्रिमंडळाने आदल्या दिवशीच घेतला होता. स्त्रियांच्या मतासाठी लढणाऱ्या इचिकावा फुसाए आणि त्यांच्या सहकारी तर शरणागतीनंतर दहा दिवसांत, २५ ऑगस्टलाच, समिती स्थापून कामाला लागल्या होत्या. सैन्याने दारातला धोंडा बाजूला केला; दाराशी माणसं आधीपासून उभी होती.

हुकूम खाली कसा जायचा

१९४५ च्या अखेरीस जपानमध्ये चार लाखांच्या आसपास अमेरिकी सैनिक होते. तरी गावचा कारभार त्यांनी हातात घेतला नाही. जर्मनीत सरकारच उरलं नव्हतं. इथे मंत्रालयं, जिल्हे, पोलीस, रेल्वे, रेशन कचेऱ्या सगळं जागेवर होतं. टोकियोतल्या दाई-इचि विमा कंपनीच्या इमारतीतल्या मुख्यालयातून लेखी निर्देश निघायचा. तो जपानी सरकारच्या मध्यवर्ती संपर्क कार्यालयात जायचा, तिथून संबंधित मंत्रालयात, तिथून प्रांताच्या गव्हर्नरकडे आणि मग गावात. प्रांतोप्रांती बसलेल्या अमेरिकी पथकांचं काम पाहायचं आणि वर कळवायचं. थेट हुकूम सोडायचा नाही. सात वर्षांत असे २,००० हून अधिक निर्देश निघाले.

ही रचना उदारपणातून आलेली नव्हती. जपानी लिहिता-वाचता येणारे अमेरिकी फारच थोडे होते. नाइलाजाने जपानी कारकुनावर भिस्त ठेवावी लागली, आणि त्याचा फायदा असा की प्रत्येक निर्देश जपानी भाषेत, जपानी कायद्याच्या चौकटीत बसवून अमलात यायचा. तोटाही तिथेच होता. सुमारे दोन लाख माणसांना सार्वजनिक पदांवरून काढण्यात आलं, त्यात लष्करी अधिकारीच बहुसंख्य. नोकरशाहीला मात्र जेमतेम ओरखडा उठला. ज्यांच्या हातून सुधारणा करवून घ्यायच्या त्यांनाच कसं काढणार? युद्धकाळातले सचिव तसेच राहिले आणि ताबा उठल्यावर अधिकच वजनदार झाले.

सैन्य विसर्जित केलं तेही याच वाटेने. लष्कर आणि नौदल मंत्रालयांनी आपलं सैन्य स्वतः घरी पाठवलं, आणि १ डिसेंबर १९४५ रोजी ती मंत्रालयंच सैनिकांना घरी आणणारी खाती बनली. कोण कुठे आहे याच्या याद्या, जहाजं, रेल्वेचे पास सगळं त्याच कारकुनांच्या हातात. सशस्त्र प्रतिकार जवळपास झालाच नाही. सम्राटाने स्वतः रेडिओवरून शरणागतीचा निर्णय जाहीर केला होता, हे त्यामागचं मोठं कारण. इराकमध्ये मे २००३ मध्ये आठवड्याभराच्या अंतराने दोन हुकूम निघाले: पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाचे वरचे लोक नोकरीतून काढले, दुसऱ्याने सैन्य बरखास्त केलं. लाखो माणसं शस्त्रासह आणि पगाराविना रस्त्यावर आली. जपानचा दाखला देणाऱ्यांनी जपानची कृती उलटी करून वापरली, असंच म्हणावं लागेल.

या ताब्यात आपलीही माणसं होती. ब्रिटिश राष्ट्रकुलाच्या फौजेत ब्रिगेडियर थिमय्यांच्या हाताखालची २६८ वी भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात पंजाब व गुरखा पलटणींबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटणही. शिमाने, ओकायामा या पश्चिम जपानच्या भागात शस्त्रसाठे शोधणं, दारूगोळा नष्ट करणं, किनाऱ्यावर गस्त घालणं ही त्यांची कामं. मुलकी कारभार अमेरिकेने स्वतःकडे ठेवला होता, त्यामुळे लोकशाही रुजवण्याच्या कामाशी या जवानांचा संबंध आला नाही. १९४७ मध्ये ते परतले.

नऊ दिवसांची घटना

जपानी सरकारच्या समितीने केलेला घटनेचा मसुदा १ फेब्रुवारी १९४६ ला 'माइनिचि' वृत्तपत्राने फोडला. त्यात सम्राटाचं सार्वभौमत्व जसंच्या तसं होतं. मॅकआर्थरने ३ तारखेला तीन मुद्दे लिहून दिले, ४ तारखेला मुख्यालयाच्या शासन विभागातली वीस-पंचवीस माणसं कोंडून घेऊन बसली, आणि १२ तारखेला मसुदा तयार झाला. १३ तारखेला तो परराष्ट्रमंत्री योशिदांच्या निवासस्थानी त्यांच्यापुढे आणि समितीचे प्रमुख मात्सुमोतोंपुढे ठेवला. बालपण टोकियोत गेलेली, अस्खलित जपानी बोलणारी बावीस वर्षांची बेआते सिरोता या मंडळींत होती. जीप घेऊन ती शहरातल्या ग्रंथालयांतून वेगवेगळ्या देशांच्या राज्यघटना गोळा करत फिरली. लग्न आणि घर यांत स्त्री-पुरुष समान, हे २४ वं कलम तिच्या मसुद्यातून आलं.

एवढंच सांगितलं तर ही घटना लादलेली ठरते, आणि जपानमधले घटनाविरोधक आजवर तेच सांगत आले आहेत. पण दोन गोष्टी जोडून पाहायला हव्यात. एक, घटनेचे अभ्यासक सुझुकी यासुझो आणि त्यांच्या मंडळाने २६ डिसेंबर १९४५ ला स्वतःचा मसुदा प्रसिद्ध केला होता. सार्वभौमत्व जनतेचं आणि सम्राट समारंभापुरता, ही कल्पना त्यात होती. मुख्यालयाने तो भाषांतरित करून तपासला होता. सुझुकींचा अभ्यास होता तो १८८० च्या दशकातले लोकहक्क चळवळीचे पुढारी उएकि एमोरी यांच्या मसुद्यांचा, म्हणजे मूळ पुन्हा जपानातच. दुसरी गोष्ट, संसदेने हा मसुदा जूनपासून ऑक्टोबरपर्यंत चिरफाड करून तपासला. अमेरिकी मसुद्यात एकच सभागृह होतं. जपानी बाजूने वाटाघाटीत दोन करून घेतली. 'निकोप आणि सुसंस्कृत जीवनाची किमान पातळी' हा हक्क अमेरिकी मसुद्यात नव्हताच. तो समाजवादी सदस्यांनी संसदेत घातला. आज सरकारी मदतीवरून जपानी न्यायालयात भांडण होतं तेव्हा याच २५ व्या कलमाचा आधार घेतात. ३ मे १९४७ ला घटना लागू झाली. तेव्हापासून तिच्यात एका शब्दाचाही बदल झालेला नाही.

ती मंजूर करणारी संसद निवडली गेली १० एप्रिल १९४६ ला. ३९ स्त्रिया निवडून आल्या, आणि हे वाचून नवलाने थांबण्याआधी मतपत्रिका कशी होती ते पाहावं. मतदारसंघ मोठे होते आणि मतदाराला जागांच्या संख्येनुसार दोन किंवा तीन नावं हाताने लिहायची मुभा होती. पहिलं नाव गावच्या पुढाऱ्याचं लिहिलं तरी दुसरं बाईचं लिहिता येत होतं. १९४७ मध्ये मतदारसंघ लहान झाले, नाव एकच लिहायचं ठरलं, आणि स्त्रियांचा आकडा १५ वर आला. ३९ चा आकडा ओलांडायला २००५ साल उजाडावं लागलं. मताचा हक्क एका दिवसात देता येतो. तो जागांत उतरतो की नाही हे मतपत्रिकेच्या बारकाव्यावर ठरतं, आणि ताबा घेणारे या बारकाव्याकडे क्वचितच बघतात.

त्याच निवडणुकीत सर्वाधिक जागा हातोयामा इचिरो यांच्या लिबरल पक्षाला मिळाल्या. ते पंतप्रधान होणार इतक्यात मे महिन्यात मुख्यालयाने त्यांनाच सार्वजनिक जीवनातून काढून टाकलं. युद्धानंतरच्या पहिल्याच निवडणुकीतल्या विजेत्याची ही गत! मतासाठी आयुष्यभर लढलेल्या इचिकावा फुसाए यांनाही १९४७ मध्ये याच कारवाईखाली घरी बसवण्यात आलं.

जमीन: जे खरोखर टिकलं

आमच्या मते सगळ्यात खोल गेलेला बदल घटनेचा नाही, जमिनीचा. युद्धाआधी निम्म्याच्या जवळपास, ४६ टक्के, लागवडीची जमीन कुळांकडे होती आणि भातशेतीचा खंड साधारण अर्ध्या पिकाइतका, धान्यातच द्यायचा. डिसेंबर १९४५ च्या पहिल्या कायद्यात मालकाला पाच चो ठेवायची मुभा होती. एक चो म्हणजे आपले अडीच एकर. जपानी शेतांचा आकार पाहता एवढ्या मर्यादेत बहुतेक मालक सहीसलामत सुटले असते. मुख्यालयाने तो कायदा नाकारला आणि ऑक्टोबर १९४६ मध्ये दुसरा आला.

त्याची कलमं कूळकायदा माहीत असलेल्या कोणाही मराठी वाचकाने शेजारी ठेवून वाचावीत. गावाबाहेर राहणाऱ्या मालकाची खंडाची सगळी जमीन सरकार घेणार. गावात राहणाऱ्याने एक चो खंडाने ठेवावी, होक्काइदोत चार. मालक गावात राहतो की नाही हे २३ नोव्हेंबर १९४५ च्या स्थितीवरून ठरणार. म्हणजे कायद्याची कुणकुण लागताच भावाच्या, भाच्याच्या नावावर जमीन चढवणाऱ्यांची वाट मागच्या तारखेनेच बंद. जमीन सरकार विकत घेणार आणि सरकारच कुळाला विकणार, मालक आणि कूळ समोरासमोर बसून सौदा करणारच नाहीत. गावोगावच्या निवडून दिलेल्या समितीत पाच कुळं, तीन मालक, दोन स्वतः कसणारे शेतकरी. बहुमत कुणा एकाचं नाही, पण कुळं आणि कसणारे मिळून मालकांना भारी. आपल्याकडे 'स्वतः कसण्यासाठी' या दोन शब्दांच्या फटीतून किती कुळं बाहेर फेकली गेली हे आठवलं की या तारखेची आणि या रचनेची किंमत कळते.

किंमत १९४५ च्या दराने गोठवलेली होती. पुढच्या तीन-चार वर्षांत महागाई इतकी भडकली की मालकाला मिळालेले सरकारी रोखे रद्दीच्या भावाचे झाले आणि कुळाने जमीन जवळपास फुकटात मिळवली. हे कुणी योजलेलं नव्हतं, महागाईने केलं. १९५० पर्यंत खंडाची जमीन १० टक्क्यांवर आली.

परक्या सैन्याच्या धाकाशिवाय हे झालं असतं का? बहुधा नाही; १९३१ मध्ये कुळांचं साधं विधेयकही अडलं होतं. आणि सैन्याने एकट्याने केलं असतं का? तेही नाही. सातबाऱ्यासारख्या चोख नोंदी, शेती खात्यात वर्षानुवर्षं हाच विषय हाताळणारे अधिकारी आणि कागद वाचू शकणारं कूळ, या तिन्ही गोष्टी आधीपासून होत्या. डोंगरावरची जंगलं मात्र कायद्यातून सुटली आणि तिथले बडे मालक तसेच राहिले. राजकीय परिणामही अमेरिकेत कुणी बोलून दाखवावा असा गोड झाला: जमीन मिळालेला शेतकरी लाल झेंडा सोडून उजव्या पक्षाचा पक्का मतदार झाला. १९५५ पासून १९९३ पर्यंत एकाच पक्षाची सत्ता राहिली, त्यात या मतदाराचा वाटा मोठा.

जे सुकलं

पोलीस. १९४७ च्या कायद्याने ५,००० वस्तीवरच्या गावांना आपापलं पोलीस दल दिलं. अशी सुमारे १,६०० दलं उभी राहिली. अमेरिकी गावातल्या पोलिसप्रमुखाची ती नक्कल होती. गावाकडे पगाराला पैसे नव्हते, म्हणून दलं गावातल्या पैसेवाल्यांच्या देणग्यांवर जगू लागली आणि त्यांच्याच ओंजळीने पाणी पिऊ लागली. १९५१ मध्ये गावांना दल सोडून द्यायची मुभा मिळताच एकामागून एक गावांनी सोडलं. १९५४ मध्ये सगळंच प्रांतांकडे गेलं. निवडून आलेली शिक्षण मंडळं १९४८ मध्ये आली, १९५६ मध्ये गेली. मोठ्या उद्योगसमूहांच्या ३२५ कंपन्या फोडायच्या यादीत टाकल्या होत्या. प्रत्यक्षात वीससुद्धा फोडल्या नाहीत. यातल्या कशालाही १९३१ चा बाप नव्हता.

आणि मग ताब्याचं स्वतःचं वागणं. सप्टेंबर १९४५ मध्ये उघड्या गळ्याचा, कमरेवर हात ठेवलेला मॅकआर्थर आणि शेजारी औपचारिक पोशाखात ताठ उभा सम्राट, हा फोटो जपानी सरकारने दाबू पाहिला. मुख्यालयाने बंदी उठवली. वृत्तपत्रस्वातंत्र्याचा धडा म्हणून हे उत्तम. पण त्याच मुख्यालयाची सेन्सॉर कचेरी छापण्याआधी मजकूर तपासत होती. ताबा घेणाऱ्यांवर टीका नको, अणुबॉम्बवरचा मजकूर काटछाटीनेच. आणि सेन्सॉर आहे हेसुद्धा छापायचं नाही. १ फेब्रुवारी १९४७ चा सार्वत्रिक संप मॅकआर्थरने आदल्या दिवशी बंद पाडला. १९४८ मध्ये सरकारी नोकरांचा संपाचा हक्क काढून घेतला. १९५० मध्ये कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून दहा हजारांहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. ताब्याचा खर्चही जपानवरच होता, सुरुवातीला सरकारी अंदाजपत्रकाचा सुमारे एक तृतीयांश. माणसं रोज ३०० ग्रॅमही न भरणाऱ्या धान्याच्या रेशनवर जगत असताना.

नाहा

गंमत अशी की ओकिनावातल्या स्त्रियांनी मुख्य जपानच्या आधी मत दिलं. सप्टेंबर १९४५ मध्ये निर्वासितांच्या छावण्यांत पंच आणि प्रमुख निवडताना अमेरिकी नौदलाने त्यांनाही मतदानाला बसवलं. सुरुवात पाहता इथे टोकियोपेक्षा पुढचं काही घडेल असं वाटावं. पण डिसेंबर १९४५ ची जी दुरुस्ती मुख्य जपानच्या स्त्रियांना मत देत होती, तिनेच ओकिनावाचं संसदेतलं प्रतिनिधित्व स्थगित केलं. ते परत मिळालं १९७० मध्ये.

इथे मधे जपानी मंत्रालय नव्हतं. अमेरिकी प्रशासनाखाली १९५२ मध्ये 'र्युक्यू सरकार' आलं, निवडलेलं विधिमंडळही आलं. मुख्य कार्यकारी अमेरिकेने नेमायचा आणि विधिमंडळाचा कुठलाही कायदा अमेरिकी अधिकाऱ्याने रद्द करायचा. तळांसाठी जमीन हवी होती. एप्रिल १९५३ मध्ये सक्तीने जमीन घेण्याचा हुकूम निघाला, १९५५ मध्ये इए बेटावर आणि इसाहामात संगिनी आणि बुलडोझर लावून शेतं रिकामी केली. मुख्य जपानमध्ये ज्या सैन्याने कुळाला जमीन दिली, त्याने इथे कसणाऱ्याची काढून घेतली.

सेनागा कामेजिरो हा या धोरणाचा कडवा विरोधक. १९५४ मध्ये त्याला तुरुंगात टाकलं, एप्रिल १९५६ मध्ये सोडलं, आणि डिसेंबरात नाहाच्या मतदारांनी त्याला महापौर केलं. प्रशासनाने शहराचं अनुदान थांबवलं, बँकेतला पैसा गोठवला. त्यावर नाहाचे लोक कर भरायला महापालिकेपुढे रांगा लावून उभे राहिले. मग नगरसभेने अविश्वास ठराव केला. सेनागाने नियमाप्रमाणे नगरसभा विसर्जित केली. नव्या नगरसभेत त्याच्या माणसांना एक तृतीयांशाहून जास्त जागा मिळाल्या. दुसऱ्या ठरावाला दोन तृतीयांश हजेरी लागत असल्याने तो आता अशक्य होता. नोव्हेंबर १९५७ मध्ये अमेरिकी प्रशासनाचा प्रमुख असलेल्या हाय कमिशनरने नियमच बदलला: साधं बहुमत पुरे, आणि शिक्षा झालेल्याला पुन्हा उभं राहता येणार नाही. सेनागा गेला. जानेवारी १९५८ च्या निवडणुकीत नाहाने सेनागाच्याच पाठिंब्यावरचा उमेदवार निवडून दिला.

म्हणजे लोकशाहीची कमतरता नाहाच्या लोकांत नव्हती. मुख्य कार्यकारी निवडायचा हक्क त्यांना पहिल्यांदा मिळाला १९६८ मध्ये, तोही वर्षानुवर्षांच्या आंदोलनानंतर, आणि निवडून आला तो जपानमध्ये परत जायचं म्हणणारा यारा चोब्यो.

१९५१ च्या सॅन फ्रान्सिस्को कराराने मुख्य जपानला स्वातंत्र्य दिलं आणि तिसऱ्या कलमाने ओकिनावा अमेरिकेकडे ठेवलं. भारताने त्या करारावर सही केली नाही, आणि ही बेटं जपानला परत मिळत नाहीत हे त्याच्या कारणांपैकी एक होतं. ९ जून १९५२ ला भारताने वेगळा करार केला. ओकिनावात २८ एप्रिल हा मानहानीचा दिवस मानला जातो. देशाच्या ०.६ टक्के भूभागावर आजही जपानमधल्या अमेरिकी तळांचं सुमारे ७० टक्के क्षेत्र आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये हेनोकोच्या समुद्रात भराव टाकून नवा तळ करावा का, यावर ओकिनावात सार्वमत झालं. ७२ टक्के मतं विरोधात पडली. भरावाचं काम थांबलं नाही, आणि या वेळी ते चालू ठेवणारं सरकार टोकियोतलं, निवडून आलेलं होतं.